उष्णकटिबंधातील मळ्यात, झाडावरच्या घरात मुक्काम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉफी, कोको, मिरी, वेलदोडा, व्हॅनिला, जायफळ अशा पिकांच्या मळ्यात, उंच झाडावर बांधलेल्या घरात चार दिवस विश्रांतीसाठी जाण्याचा विचार करणाऱ्यांच्या मनात जे प्रश्न हमखास येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. या मुक्कामात आपण एका जिवंत झाडाचे आणि कामात गुंतलेल्या मळ्याचे पाहुणे असतो. झाड निकोप असेल आणि मळा नीट चाललेला असेल, तरच वरच्या खोलीत निवांत झोप लागते. त्यामुळे खोलीच्या सजावटीबद्दल येथे फारसे काही सापडणार नाही. झाडाबद्दल आणि मळ्याबद्दल मात्र सविस्तर सांगितले आहे.

वृक्षघर कशाला म्हणावे? खांबांवर उभारलेली खोली म्हणजे वृक्षघर नव्हे का?

ज्या घराचा सगळा भार खोड आणि फांद्या पेलतात ते खऱ्या अर्थाने वृक्षघर होय. मात्र आज पाहुण्यांसाठी बांधल्या जाणाऱ्या बऱ्याच घरांत काही भार झाडावर आणि काही जमिनीत रोवलेल्या खांबांवर असतो, तर काही ठिकाणी झाड नुसतेच खोलीच्या मधून वर गेलेले असते. या प्रकारांत खरे-खोटे असा भेद करण्याचे कारण नाही. झाड कोवळे असेल किंवा खोली मोठी असेल, तर खांबांचा आधार घेणारा बांधकाम करणारा झाडाविषयी अधिक विचार करणारा असतो, असे आमचे मत आहे.

ही कल्पना मुळीच नवी नाही. रोमन सम्राट कॅलिग्युला याने एका चिनार वृक्षाच्या फांद्यांवर पंधरा पाहुणे आणि त्यांना वाढणारे सेवक मावतील एवढी जेवणाची जागा करवून घेतली होती आणि तिला तो आपले घरटे म्हणत असे, अशी नोंद रोमन लेखक प्लिनी याने पहिल्या शतकात करून ठेवली आहे. इंडोनेशियाच्या पापुआ भागातील कोरोवाई लोक तर जमिनीपासून कित्येक मीटर उंचीवर घरे बांधून पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. केनियातील ट्रीटॉप्स हे 1932 साली सुरू झालेले झाडावरचे छोटेसे विश्रामगृह जगभर ठाऊक झाले ते 1952च्या फेब्रुवारीत. राजकन्या एलिझाबेथ तेथे मुक्कामाला असतानाच त्या रात्री त्यांचे वडील वारले आणि त्या राणी झाल्या.

कोणत्या झाडावरचे घर भरवशाचे समजावे?

आंबा, फणस, वड-पिंपळाच्या कुळातील मोठे वृक्ष, पर्जन्यवृक्ष अशी रुंद खोडाची, खोल मुळांची आणि दणकट बेचक्याची झाडे सामान्यतः चांगली मानतात. पण जातीपेक्षा त्या एका झाडाची प्रकृती महत्त्वाची असते. खोडाच्या बुंध्याशी कठीण, फळीसारखी भूछत्रे उगवलेली असणे, दोन जाड फांद्यांच्या बेचक्यात उभी चीर पडलेली असणे, शेंडा वाळत जाणे, बुंध्याभोवतीची जमीन एका बाजूला उचललेली दिसणे, ही सर्व आतून कुजत असल्याची किंवा मुळे सैल झाल्याची लक्षणे असू शकतात. पोहोचल्यावर वर चढण्याआधी झाडाला एक शांत फेरी घालावी. पाच मिनिटांत पुष्कळ कळते. रबराच्या झाडाचे लाकूड ठिसूळ असते आणि ते वाऱ्यात मोडते, म्हणून रबराच्या मळ्यातील घर रबराच्या झाडावर नसून शेजारच्या दुसऱ्या वृक्षावर असणेच योग्य.

नारळ आणि पोफळी यांवर घर का बांधत नाहीत, असेही विचारले जाते. ताडकुळातील झाडांच्या खोडात दरवर्षी नवे लाकूड तयार करणारा थर नसतो. त्यामुळे आंब्याचे खोड जशी जखमेभोवती नवी वाढ करते, तशी नारळाचे खोड करू शकत नाही. त्यात एकदा पाडलेले भोक जन्मभर तसेच राहते आणि तेथून कीड व कूज आत शिरते. नारळाच्या खोडावर खोलीचा भार टाकलेला दिसला, तर आरक्षण करू नये.

बोल्ट ठोकल्याने झाड मरत नाही का?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, आणि तो विचारला जावा असेच आम्हाला वाटते. झाडाच्या सालीच्या आतल्या बाजूस पानांत तयार झालेले अन्न खाली नेणाऱ्या नलिका असतात, त्यांच्या आत पेशी निर्माण करणारा अतिशय पातळ थर असतो आणि त्याच्या आत पाणी वर चढवणारे लाकूड असते. खोडाचा बहुतेक जिवंतपणा या बाहेरच्या काही सेंटिमीटरांत एकवटलेला आहे. म्हणूनच खोडाला भोक पाडण्यापेक्षा खोडाभोवती तार, साखळी किंवा दोर घट्ट आवळणे कितीतरी अधिक घातक ठरते, कारण खोड जाड होत जाते, तार सालीत रुतते, अन्नाचा प्रवाह सगळ्या बाजूंनी तुटतो आणि मुळे उपाशी राहून झाड वाळते. दोराने बांधलेले घर झाडाला त्रास देत नाही, हा समज त्यामुळे बरोबर नाही.

जखमेचे म्हणाल, तर झाड ती माणसाच्या त्वचेसारखी भरून काढत नाही. अमेरिकी वनसेवेतील शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शिगो यांनी हजारो खोडे उभी चिरून दाखवून दिले की, झाड जखमी भागाभोवती रासायनिक आणि पेशींच्या भिंती उभारून तो भाग उरलेल्या खोडापासून वेगळा पाडते आणि बाहेरून नवे लाकूड वाढवत राहते. त्यांची ही मांडणी 1970च्या दशकात पुढे आली आणि वृक्षसंगोपनाची पद्धतच तिने बदलली. ही भिंत उभारायला झाडाला शक्ती खर्चावी लागते. म्हणून शेजारी शेजारी वीस खिळे ठोकण्याऐवजी एकच जाड, भक्कम बोल्ट वापरणे झाडाच्या हिताचे असते. खिळे जवळजवळ असतील तर त्यांच्या जखमा आतून एकमेकींना मिळतात आणि मधला सगळा भाग निकामी होतो. 1990च्या दशकात अमेरिकेतील ओरेगन राज्यात मायकेल गार्नियर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठा भार पेलणारा असा एक खास बोल्ट विकसित केला. त्याची रुंद कॉलर, म्हणजे दांड्याभोवतीचे जाड कडे, खोडात बसते, दांडा खोडापासून बाहेर येतो आणि तुळई त्या दांड्यावर टेकते, म्हणजे खोड आणि तुळई यांच्यामध्ये वाढीसाठी जागा शिल्लक राहते. आज जगभरातील बरेच कसलेले कारागीर याच तत्त्वाने काम करतात.

झाड वाढले की घरही वर सरकते का?

नाही. झाडाची उंची शेंड्यांच्या टोकांशी वाढते. खोडाचा एखादा बिंदू जमिनीपासून आज जितका उंच आहे तितकाच पन्नास वर्षांनीही राहतो. खोडाचा घेर मात्र वाढतो, म्हणून जमिनीच्या किंवा छपराच्या फळ्यांतून खोड जाते तेथे भोवताली मोकळी फट ठेवलेली असावी आणि ती काही वर्षांनी पुन्हा रुंद केली जावी.

वाऱ्यात घर हलते का?

हलते, आणि ते हलले पाहिजे. झाड वाऱ्याचा जोर झुकून पचवते. त्याला ताठ जखडून ठेवले, तर तो सगळा जोर बोल्टांवर आणि तुळयांवर येतो. दोन झाडांच्या मध्ये घर असल्यास दोन्ही झाडे आपापल्या लयीत हलतात, म्हणून तुळईचे एक टोक पक्के आणि दुसरे सरकते ठेवतात. रात्री अंथरुणावर पडल्यावर ही हालचाल आणि लाकडाची हलकी करकर जाणवते. बहुतेकांना दुसऱ्या रात्रीपर्यंत तिची सवय होते आणि काहींना तर घरी परतल्यावर तिच्यावाचून चुकल्यासारखे वाटते. ज्यांना बोटीत किंवा घाटात मळमळते, त्यांनी मात्र कमी उंचीवरचे किंवा खांबांचा आधार असलेले घर निवडावे.

वादळ आले किंवा विजा चमकू लागल्या तर काय करावे?

खाली उतरावे. याबाबत दुसरे उत्तर नाही. उंच झाड विजेला जवळचे असते आणि लाकडी खोली आपल्याला तिच्यापासून वाचवू शकत नाही. ढगांचा गडगडाट ऐकू येताच पक्क्या इमारतीत किंवा बंद धातूच्या टपाच्या मोटारीत जावे आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर 30 मिनिटे होईपर्यंत तेथेच थांबावे. जबाबदार यजमानाकडे पाहुण्यांसाठी जमिनीवरची एक पक्की खोली राखून ठेवलेली असते. ती कोठे आहे आणि रात्री तिच्यापर्यंतची वाट कशी आहे, हे पहिल्याच दिवशी उजेडात पाहून ठेवावे.

चक्रीवादळांचा विचार ठिकाण निवडतानाच करावा. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना सुमारे 5 अंशांच्या पट्ट्यात चक्रीवादळे क्वचितच तयार होतात, कारण पृथ्वीच्या फिरण्यामुळे वाऱ्यांना मिळणारे वळण तेथे फार क्षीण असते. त्यापलीकडच्या बेटांवर आणि किनाऱ्यांवर वादळांचे ठरलेले महिने असतात. उत्तर अटलांटिक महासागरात ते जून ते नोव्हेंबर असे मानले जातात. त्या महिन्यांत किनाऱ्याजवळच्या मळ्यावर झाडावर राहण्याचा बेत करू नये.

कोणत्या ऋतूत जावे?

बहुतेक जण पाऊस नसलेले महिने विचारतात. आमचा सल्ला थोडा वेगळा आहे : आधी आपल्याला मळ्याचे कोणते काम पाहायचे आहे ते ठरवावे आणि त्यावरून महिना निवडावा, कारण मळ्याचे सौंदर्य हवामानापेक्षा पिकाच्या टप्प्यावर अधिक अवलंबून असते.

कॉफीचेच उदाहरण घ्या. ज्या प्रदेशांत कोरडा ऋतू ठळक असतो, तेथे कॉफीच्या कळ्या पाण्याच्या ताणात निद्रिस्त राहतात आणि पहिला चांगला पाऊस पडून गेल्यावर साधारण आठ-दहा दिवसांत सगळा मळा एकदम पांढऱ्या फुलांनी भरून जातो. जाईची आठवण करून देणारा तो गंध झाडावरच्या खोलीपर्यंत चढून येतो आणि तीन-चार दिवसांत संपतोही. हा बहर कोणत्याही यजमानाला तारखेसह आधी सांगता येत नाही. ज्याला तो गवसला त्याने स्वतःला भाग्यवान समजावे. अरेबिका जातीची फळे त्यानंतर सहा ते नऊ महिन्यांत पिकतात आणि रोबस्टाला आणखी वेळ लागतो. लालबुंद फळांनी वाकलेल्या फांद्या आणि अंगणात वाळत घातलेली कॉफी पाहायची असेल, तर तोडणीच्या कोरड्या महिन्यांत जावे. मिरीच्या घोसातील एक-दोन दाणे लाल होताच पूर्ण घोस तोडतात. वेलदोड्याची बोंडे झाडाच्या बुडाशी, जवळजवळ मातीला टेकून लागतात आणि पूर्ण पिकण्याच्या थोडी आधी, काही आठवड्यांच्या अंतराने वेचली जातात. लवंगेची कळी उमलण्याआधीच खुडावी लागते.

उंचीचाही विचार करावा. समुद्रसपाटीपासून दर 1000 मीटर वर गेल्यावर तापमान सुमारे 6.5 अंश सेल्सिअसने उतरते, त्यामुळे किनाऱ्यालगतच्या कोको-नारळाच्या मळ्यात रात्री घामाघूम होणाऱ्या माणसाला उंचावरच्या अरेबिकाच्या मळ्यात पहाटे जाड पांघरूण लागते.

मळ्यात दिवसभर काय करायचे? कंटाळा येत नाही का?

ज्यांना दिवसाचा तासागणिक कार्यक्रम हवा असतो त्यांना कंटाळा येतो, हे खरे आहे. इतरांना मात्र पाहण्यासारखे इतके असते की चार दिवस अपुरे पडतात. व्हॅनिलाचा मळा असेल, तर भल्या सकाळी उठून परागीभवन अवश्य पाहावे. व्हॅनिला हे मूळचे मेक्सिकोकडचे वेलीवर चढणारे ऑर्किड आहे. त्याचे प्रत्येक फूल एकच दिवस उमलते आणि मूळ प्रदेशाबाहेर त्याला फळ धरत नसल्यामुळे लोकांनी कित्येक वर्षे ती वेल निव्वळ शोभेची मानली. 1841 साली हिंदी महासागरातील रियुनियन बेटावर एडमंड अल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने बारीक काडीने फुलातील पडदा उचलून अंगठ्याने पराग दाबण्याची युक्ती शोधून काढली. आजही जगभर मळ्यांतील स्त्री-पुरुष जवळपास त्याच हालचालीने एकेक फूल फलित करतात. या शोधातून मळेवाल्यांच्या हाती अमाप संपत्ती आली. अल्बियस मात्र गरिबीतच मरण पावला. शेंग वेलीवर आठ-नऊ महिने राहते आणि हिरवी असताना तिला व्हॅनिलाचा वास अजिबात नसतो. तो वास तोडणीनंतरच्या घाम काढण्याच्या आणि वाळवण्याच्या महिनोन्‌महिन्यांच्या कामातून तयार होतो.

कोकोची फुले थेट खोडावर येतात आणि चिलटांएवढे बारीक कीटक त्यांचे परागीभवन करतात. शेकडो फुलांतून मोजक्यांचीच फळे होतात. पिकलेले जायफळ झाडावरच उकलते आणि आतल्या काळपट बीवर गुंडाळलेली लालभडक जायपत्री दिसते. हे सगळे चालत, थांबत, मळ्यातल्या जाणत्या माणसाला विचारत पाहण्याचे आहे. दुपारी खोलीत पडून राहणे हाही पूर्ण मान्यताप्राप्त कार्यक्रम समजावा.

अशा मुक्कामाने खरोखर विश्रांती मिळते का? पहिल्या रात्री झोपच लागली नाही तर?

पहिल्या रात्री झोप चाळवण्याची शक्यता बरीच आहे आणि त्यात ठिकाणाचा किंवा आपला दोष नाही. 2016 साली अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिले की, अनोळखी जागेतील पहिल्या रात्री गाढ झोपेतही मेंदूचा डावा अर्धा भाग उजव्यापेक्षा अधिक सावध राहतो आणि अपरिचित आवाजांना लवकर प्रतिसाद देतो. एका रात्रीसाठी जाणारा पाहुणा म्हणजे नेमकी ही सावध रात्र काढून परत येतो. म्हणून किमान तीन रात्रींचा मुक्काम ठरवावा, असा आमचा आग्रह असतो.

झाडे पाहत राहण्याने माणसाला बरे वाटते, याला आधार आहे. अमेरिकी संशोधक रॉजर उलरिक यांनी 1984 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या 46 रुग्णांच्या नोंदी तपासल्या. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती ते रुग्ण, विटांची भिंत दिसणाऱ्या रुग्णांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. यावरून वृक्षघर हे औषध ठरत नाही. गंभीर निद्रानाश किंवा नैराश्य असेल तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि त्यांच्या संमतीनेच मुक्काम ठरवावा.

रात्री शांतता असते ना?

शांतता असते, पण नीरवता नसते. उष्णकटिबंधात संधिप्रकाश फार थोडा वेळ टिकतो. विषुववृत्ताजवळ सूर्य मावळल्यावर पंचवीसएक मिनिटांत चांगलाच अंधार होतो आणि त्याच सुमारास रातकिडे व बेडूक एकदम सुरू होतात. पत्र्याचे छप्पर असल्यास पावसाचा आवाज बोलणे ऐकू न येण्याइतका मोठा होतो. पहाटे, उजेड होण्यापूर्वीच पक्षी जागे करतात. ज्यांची झोप सावध आहे त्यांनी कानात घालायचे बोळे आणावेत, मात्र पहाटे ते काढून ठेवावेत, कारण पक्ष्यांच्या ओरडण्याचा तो तास ऐकण्यासाठीच तर इतक्या उंचीवर यायचे असते.

उंचावर डास नसतात, हे खरे आहे का?

हा समज धोक्याचा आहे. दक्षिण अमेरिकेच्या जंगलांत पीतज्वर (यलो फीव्हर) पसरवणारे काही डास तर झाडांच्या माथ्यांवरच राहतात. शिवाय झाडांच्या ढोल्यांत आणि पानांच्या बेचक्यांत साठलेले पाणी डासांना अंडी घालायला पुरते. मलेरिया पसरवणारे अ‍ॅनोफिलीस डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतात, तर डेंग्यूचे एडिस डास दिवसा, विशेषतः सकाळी आणि सूर्यास्तापूर्वी चावतात. त्यामुळे केवळ रात्रीची मच्छरदाणी पुरेशी नाही. मच्छरदाणी परमेथ्रिन हे कीटकनाशक लावलेली असावी आणि ती गादीखाली खोचावी. उघड्या त्वचेवर 20 ते 30 टक्के डीट किंवा 20 टक्के पिकारिडिन ही डासांना दूर ठेवणारी द्रव्ये असलेले मलम लावावे. डीट दोन महिन्यांखालील बाळांना लावू नये. सैल, पूर्ण बाह्यांचे कपडे सर्वांत साधा उपाय आहेत.

मलेरियाप्रतिबंधक गोळ्या घ्याव्यात की नाही, हे त्या प्रदेशावरून डॉक्टरच ठरवतील. त्यांच्याकडे प्रवासाच्या चार ते सहा आठवडे आधी जावे. पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी घ्यावी लागते. 11 जुलै 2016 पासून तिचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र आयुष्यभर ग्राह्य धरले जाते.

साप, जळवा, मुंग्या, वटवाघळे यांचे काय?

मळ्यात साप असतात, आणि उंदीर खाऊन ते मळ्याचे कामही करतात. अंधारात विजेरीशिवाय चालू नये, डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी हात घालू नये, बूट घालण्याआधी झटकावेत. जळू चिकटल्यास तिच्या तोंडाच्या टोकाशी नख सरकवून ती सोडवावी; मीठ टाकले किंवा चटका दिला, तर ती जखमेतच ओकते आणि संसर्ग होऊ शकतो. तिच्या लाळेमुळे रक्त गोठत नाही, म्हणून थेंब थेंब रक्त काही वेळ येत राहते, त्याने घाबरून जाऊ नये. मुंग्यांना निमंत्रण नको असेल, तर खोलीत खाण्याचे पदार्थ उघडे ठेवू नयेत. माकडांनाही हेच लागू आहे. वटवाघूळ किंवा माकड चावले अथवा ओरखडले, तर जखम साबण-पाण्याने 15 मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी डॉक्टरांकडे जावे.

लहान मुले आणि वृद्ध यांना नेता येईल का?

उभी शिडी असेल तर नेऊ नये, सलग कठडा असलेला जिना असेल तर विचार करता येईल. कठडा साधारण 1.1 मीटर उंच असावा आणि त्याच्या दोन गजांमधील अंतर 10 सेंटिमीटरपेक्षा कमी असावे, म्हणजे रांगत्या मुलाचे डोके त्यातून जाणार नाही. आडव्या पट्ट्यांचा कठडा मुलांना चढायला शिडीसारखा उपयोगी पडतो, म्हणून उभे गज चांगले. ज्यांना झोपेत चालण्याची सवय आहे, ज्यांना चक्कर येते किंवा ज्यांना रात्री अनेकदा उठावे लागते, त्यांच्यासाठी मळ्यातील जमिनीवरची खोली घ्यावी. मळ्याचा सगळा आनंद त्यांना तेथूनही मिळतो.

वर पाणी, शौचालय आणि वीज असते का?

काही ठिकाणी असते, पण ती नसण्यामागे कारण आहे. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते. 500 लिटरची भरलेली टाकी म्हणजे झाडावर अर्धा टन अधिकचा भार. शिवाय पाणी दर 10 मीटर वर चढवायला सुमारे एक बार, म्हणजे जवळपास वातावरणाइतका दाब लागतो. त्यामुळे स्नानगृह झाडाच्या पायथ्याशी किंवा वेगळ्या मनोऱ्यावर ठेवणे शहाणपणाचे ठरते. वर शौचालय असल्यास ते बहुधा भुसा टाकून वापरायचे कोरडे असते. नीट राखलेल्या अशा शौचालयाला दुर्गंधी येत नाही. सांडपाणी झाडाच्या मुळांशी सोडले जात नाही ना, हे मात्र अवश्य विचारावे, कारण साबणाचे पाणी आणि सततची ओल मुळांना कुजवते. वीज सौर पेटीपुरती मर्यादित असल्यास भ्रमणध्वनी जेवणघरात भारित करावा लागेल.

मेणबत्ती किंवा डासांची अगरबत्ती लावता येईल का?

नाही. कोरड्या लाकडाच्या, एकाच वाटेने उतरता येणाऱ्या खोलीत उघडी ज्योत किंवा निखारा ठेवू नये. धूम्रपानही खाली उतरूनच करावे.

मळ्यात औषधफवारणी होते का?

बहुतेक मळ्यांत होते. तांबेरा आणि फळकूज यांसारख्या बुरशीजन्य रोगांवर मोरचूद आणि चुना यांचे मिश्रण, म्हणजे बोर्डो मिश्रण, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून वापरात आहे आणि त्याचे निळसर डाग पानांवर दिसतात. काही मळ्यांत याहून तीव्र रसायनेही वापरली जातात. आरक्षणापूर्वी फवारणीचे दिवस विचारावेत आणि त्या दिवसांत जाणे टाळावे. दमा असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा. या प्रश्नावर यजमान मोकळेपणाने बोलत नसेल, तर दुसरे ठिकाण पाहावे. वाटेतले फळ न धुता तोंडात टाकू नये.

मळ्यातील कामगारांशी कसे वागावे?

आपण सुट्टीवर असतो, ते नसतात. तोडणीच्या काळात दिवस उजाडण्याआधी त्यांचे काम सुरू होते आणि पुष्कळ ठिकाणी मजुरी तोडलेल्या वजनावर ठरते, म्हणजे आपल्याशी बोलण्यात गेलेला वेळ त्यांच्या मजुरीतून जातो. प्रश्न विचारायचे असतील तर विश्रांतीच्या वेळी विचारावेत, छायाचित्र घ्यायचे असेल तर आधी परवानगी घ्यावी आणि नकार आल्यास तो मानावा. त्यांच्या घरांच्या बाजूला फिरायला जाऊ नये.

आज निवांत वाटणाऱ्या अनेक मळ्यांचा इतिहास गुलामगिरीचा आणि करारबद्ध मजुरीचा आहे. ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी रद्द झाल्यावर 1834 पासून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर भारतातून करारबद्ध मजूर नेले गेले आणि त्यांत मराठी माणसेही होती. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर ते उतरत, तो आप्रवासी घाट 2006 साली जागतिक वारसा यादीत गेला. जुन्या मळ्यात राहायला जाणाऱ्याने तेथील मालकाच्या वाड्याबरोबर मजुरांच्या चाळींचीही गोष्ट विचारावी. ती सांगणारा यजमान आम्हाला अधिक विश्वासाचा वाटतो, आणि आजच्या मजुरांना तो काय देतो, हेही त्याला तितक्याच सरळपणे विचारता येते.

सोबत काय न्यावे?

कमी न्यावे. चाकांची जड पेटी जिन्यावरून चढवता येत नाही, म्हणून पाठीवरची मऊ पिशवी घ्यावी. कपाळावर बांधायची विजेरी अत्यावश्यक आहे, कारण चढता-उतरताना दोन्ही हात मोकळे असले पाहिजेत. लवकर वाळणारे कपडे, घोटे झाकणारे बूट, पाण्यापासून वाचवणारी बंद पिशवी, नेहमीची औषधे आणि शक्य असल्यास दुर्बीण, एवढे पुरते. दमट हवेत चामड्यावर बुरशी चढते, तेव्हा चामड्याच्या वस्तू घरीच ठेवाव्यात.

परत येताना मळ्यातील रोप, बी किंवा थोडी माती आठवण म्हणून आणता येईल का?

आणू नये, आणि बहुतेक देशांत परवानगीशिवाय आणताही येत नाही. कॉफीवरचा तांबेरा 1869 साली सिलोनमध्ये दिसला आणि पुढच्या दोन दशकांत त्या बेटावरची कॉफीची लागवड जवळजवळ संपली. तेथील मळे चहाकडे वळले ते त्यानंतरच. या बुरशीचे बीजाणू वाऱ्याबरोबरच माणसाच्या कपड्यांवरूनही प्रवास करतात. केळीच्या मर रोगाची बुरशी बुटांना चिकटलेल्या चिखलातून एका मळ्यातून दुसऱ्या मळ्यात जाते आणि मातीत कित्येक वर्षे जिवंत राहते. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी बुटांच्या तळव्यांतील माती ब्रशने खरवडून मळ्यातच टाकावी, बूट धुऊन कडकडीत वाळवावेत आणि मळ्यात वापरलेले कपडे वेगळ्या पिशवीत बांधून घरी पोहोचताच गरम पाण्यात धुवावेत. मळ्यात भाजलेली कॉफी किंवा पूर्ण वाळवलेली मिरी सहसा नेता येते, तरी आपल्या देशाचे नियम आधी पाहून घ्यावेत आणि विमानतळावर विचारले असता ती जाहीर करावी.